कोपरावरची आंबेहळद

टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत मी शेजाऱ्याशी भांडायला गेले आणि त्याचे चेंडू झेलायला लागले, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लाभलेलं भांडण आहे.

आम्ही तेव्हाही ऑस्ट्रेलियात, टूवूंबालाच राहत होतो. नवरा इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मी युनीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या लायब्ररीत. लायब्ररीला कुलूप लागल्यावर मी जेवणाच्या टेबलावरून विद्यार्थ्यांच्या शंका ऑनलाइन सोडवत बसायचे. सासूबाई जळगावहून थोड्या महिन्यांसाठी म्हणून आल्या होत्या, त्या विमानं बंद झाल्याने अडकल्या. ‘अडकले कसली, मुलाच्या घरी आहे,’ असं त्या फोनवर सगळ्यांना ठणकावून सांगायच्या आणि फोन ठेवला की मला विचारायच्या, ‘काय गं, काही सुरू झालं का?’

शेजारच्या गॅरेजमधून सारखा धप्प, धप्प आवाज यायचा. कॅमेऱ्यासमोर मी एखाद्या मुलीला संदर्भ कसे लिहायचे ते समजावतेय आणि मागे धप्प. दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी चपला घालून गेलेच. शेजाऱ्यांचा मुलगा, विशीतला, ताडासारखा उंच. आईवडील दूर शेतावर, हा इथे एकटा. त्याने भिंतीला जुनी गादी टेकवली होती आणि तिच्यावर बेसबॉल फेकत होता. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याने हातातला चेंडू सोडला. बोलायचं होतं ते राहिलंच. मी म्हणाले, “तुझा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला पडतोय.”

तो वळला. “तू खेळतेस?”

“खेळायचे. कॅचर होते.”

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा तो पिचर, आणि फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून तो झेलणारा तो कॅचर. सॉफ्टबॉल हे याच खेळाचं भावंड, चेंडू मोठा आणि हात खालून. आमच्याकडे खानदेशात, विदर्भात सॉफ्टबॉल किती खेळला जातो हे मुंबई-पुण्याच्या लोकांना पटतच नाही. मी राज्याच्या संघातून खेळले. पण त्याचं कौतुक म्हणून जे कोणी करायचं, ते एकच वाक्य बोलायचं: बरं झालं, सर्टिफिकेट मिळालं, आता खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीचं बघ. आमच्या वडिलांचंही तेच. सामना जिंकला की हरला हे त्यांनी कधी विचारलं नाही, ‘शिक्का मारून दिला ना?’ एवढंच विचारायचे. त्यांचं चुकलं असं नाही. पण मी पिचर वाचू शकायचे, तिचा हात दमला की तिच्या आधी मला कळायचं, आणि हे ज्ञान कुणाला हवं असेल असं मला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं.

त्याला हवं होतं. त्याचा कॅचर मित्र ब्रिस्बेनला अडकलेला. बाहेर व्यायामाला घरच्यांशिवाय एकाच माणसाबरोबर जायची मुभा होती. तो एक माणूस मी झाले. गल्लीच्या टोकाच्या ओव्हलवर, म्हणजे मैदानावर, सकाळच्या गार वाऱ्यात, त्याच्या इथल्या क्लबचा कॅचरचा जाळीदार मास्क आणि ग्लव्ह चढवून मी कितीतरी वर्षांनी उकिडवी बसले. गुडघे कडाकडा वाजले. नवरा कुंपणाशी उभा राहून म्हणाला, “अगं, हा तर सरळसरळ फेकतोय. नो-बॉल दे.” त्याची सगळी विद्या क्रिकेटची. मी त्याला घरी पाठवलं.

पहिला चेंडू तळहातात शिरला आणि मला रडू आलं. मास्क होता म्हणून बरं. हात भाजल्यासारखा झाला होता आणि मला तो भाजायलाच हवा होता, इतकंच सांगता येईल.

मुलाकडे देवाने दिलेला हात होता. सरळ येणारा चेंडू शेवटच्या क्षणी किंचित आत वळायचा आणि ग्लव्हच्या जाळीऐवजी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी आपटायचा. त्याचा वळणारा चेंडू तर टेबलावरून वाटी ढकलावी तसा पडायचा. पण हाच हात काचेचा होता. एकोणिसाव्या वर्षी कोपराचं ऑपरेशन. त्यातून उठला तर खांदा. तो बरा झाला तर मांडीचा स्नायू. अमेरिकेतल्या एका क्लबशी करार होता होता दोनदा राहिला होता. परदेशी पोरं ते लोक कोवळी असतानाच उचलतात, आणि हा आता त्या वयाच्या कडेला आला होता. या वर्षी नाही तर कधीच नाही, हे त्याला माहीत होतं. तो एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि बाकी सगळा वेळ या एका गोष्टीसाठी जगायचा.

त्या क्लबसाठी खेळाडू हेरणारा माणूस, म्हणजे स्काउट, मेलबर्नला राहायचा. म्हातारा गडी, आवाज खरखरीत. एरवी तो गाडी काढून देशभर पोरं बघत हिंडायचा, पण मेलबर्नची टाळेबंदी काही सुटेना आणि आमच्या राज्याने त्यांच्यासाठी सीमेची दारं लावून घेतलेली. मग आम्ही त्याला व्हिडिओ पाठवायला लागलो. नवऱ्याचा ट्रायपॉड, माझा फोन. एकदा त्याने मलाच फोन केला.

“व्हिडिओत मला सगळं दिसतं, मेट,” तो म्हणाला, “पण झेलतेस तू. तुझा हात काय म्हणतो?”

एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग बोलत सुटले. चेंडू कुठे आपटतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेग कसा राहतो, चुकल्यावर पोरगा चिडतो का, आणि चिडल्यावर त्याचा पुढचा चेंडू कसा येतो. तो मध्येच “हम्म” म्हणायचा, तेवढंच. शेवटी म्हणाला, “नो वरीज. पुढच्या आठवड्यात परत बोलू.” त्या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकेन असं वाटत नाही. त्याला वाटलं त्याने एका पोराबद्दल विचारलं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. पोरगा जोर राखून टाकतोय, असं हाताला जाणवायचं. मी एकदा फणकारलेच, “बाईमाणूस बसलंय म्हणून सांभाळून टाकतोयस का? टाक ना पूर्ण.” तो हसला, मान खाली घालून म्हणाला, “तुझी बोटं मोडली तर लायब्ररी कोण चालवणार?” मला राग आला आणि थोडं बरंही वाटलं. कुणी काळजी घेतली की बरं वाटतंच. मी स्काउटला सांगितलं, अजून गिअर शिल्लक आहे त्याच्याकडे, माझ्यामुळे वापरत नाही. तो खूश झाला.

निर्बंध थोडे सैल झाले तसा पोरगा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. आम्ही सासूबाईंना ‘आई’ म्हणतो, ते त्यांचं नाव आहे असं समजून तोही ‘आई’ म्हणायला लागला. त्यांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठीचा गंध नाही. तरी दोघं तासन् तास बसायची. त्या त्याला मराठीतून आपल्या माहेरची भांडणं सांगायच्या, तो इंग्रजीतून गोदामातली. दोघंही योग्य ठिकाणी च्च् करायची.

जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, ते घडलं. स्काउटने वरिष्ठांना दाखवायला एक नीट व्हिडिओ मागवला होता. आम्ही छान ऊन बघून काढला, पाठवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

“अमेरिकेतले लोक मागे सरलेत. कोपराच्या आतल्या बाजूला पिवळट-हिरवा डाग दिसतोय. जुना मुका मार आहे म्हणतात, आत काहीतरी फाटलं असणार. तू मला बोलली नाहीस?”

मी फोन हातात धरून व्हिडिओ परत लावला. खरंच, चेंडू सोडताना कोपर उन्हात आलं की आतल्या बाजूला पिवळा पट्टा चमकत होता. आणि मग मला हसू फुटलं. आमच्याकडे जन्मलेल्या कुठल्याही पोराने तो डाग लगेच ओळखला असता. ती आंबेहळद होती. सासूबाईंनी येताना पाकीट आणलं होतं, एअरपोर्टवर डब्यासकट सगळं उघडून दाखवून. मुरगळलं, सुजलं, आपटलं, की त्या आंबेहळद आणि तुरटी पाण्यात कालवायच्या, पळीत गरम करायच्या आणि थापायच्या. लेप धुतला तरी रंग चार-पाच दिवस जात नाही. माझे दोन्ही गुडघे तेव्हा कायम पिवळे होते. नवरा हॉस्पिटलात पिवळी मान घेऊन गेला होता आणि तिथल्या नर्सने त्याला कावीळ झाली का विचारलं होतं.

मी हे सगळं हसत हसत स्काउटला सांगितलं. पाकिटाचा फोटो पाठवला, माझ्या गुडघ्याचाही. तो खो खो हसला. आत्ताच त्यांना कळवतो म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, “पण मग लावली कशाला होती?”

“अहो, आमच्या सासूबाई कुणालाही लावतात,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर हसू थांबलं. सासूबाई ओट्याशी मटार सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, “आई, त्या पोराच्या हाताला तुम्ही उगाच लावलीत ना हळद?”

“उगाच कशाला लावेन? आणलेली पुरवायचीय मला इथून जाईपर्यंत.” त्यांनी शेंग खाली ठेवली. “तो आला होता. तू मीटिंगमध्ये होतीस. इथे बसला आणि हात पुढे केला. असा.” त्यांनी आपला उजवा हात अर्धा वाकवून डाव्या हाताने कोपराखाली धरून दाखवला. “दोनदा आला.”

“मला का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं तुला माहीत असेल. तूच बसतेस ना रोज त्याच्यासमोर?”

मी तिथेच स्टुलावर बसले. जोर राखून टाकणं माझ्यासाठी नव्हतंच. मी बाईमाणूस म्हणून तो सांभाळत नव्हता, कोपर दुखत होतं म्हणून सांभाळत होता, आणि मी माझ्या मानापमानात ते पाहिलंच नाही. वर स्काउटला सांगून मोकळी झाले की गिअर शिल्लक आहे.

संध्याकाळी तो कामावरून आला तशी कुंपणापाशी गेले. रागावलेली होते, पण कुणावर ते मला अजून ठरवता येत नाही.

“कधीपासून दुखतंय?”

त्याने नाटक केलं नाही. “मे महिन्यापासून. थोडंच. सगळ्याच पिचरना दुखतं.”

“स्काउटला सांग.”

“आत्ता? आत्ता ते परत हो म्हणतील. डाग हळदीचा आहे हे तूच पटवलंस त्यांना. एक सही होऊ दे, मग मी आराम करीन, काय वाटेल ते करीन. प्लीज.” आणि मग हळू आवाजात म्हणाला, “आणखी एकदा दुखलं म्हणालो तर पुन्हा कोणी फोन उचलणार नाही.”

हे खोटं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. एका पोराचं उभं आयुष्य माझ्या एका वाक्यावर टांगलेलं आणि मी त्याच्यावर जीव लावून बसलेली. पण माझा हात काय म्हणतो, असं ज्याने मला विचारलं होतं, त्याच्याशी मी खोटं कशी बोलणार? आणि या पोराचं कोपर अमेरिकेत कुठेतरी तुटलं असतं, तर त्याचा आवाज मला इथवर ऐकू आला असता. मी म्हणाले, “तू सांग. रविवारपर्यंत तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. आणि तुला न कळवता नाही सांगणार.”

तो आत गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढचे दिवस गॅरेज गप्प होतं. ज्या आवाजावर मी भांडायला गेले होते तो ऐकू येईना म्हणून मला झोप लागेना. नवरा म्हणाला, बरोबर केलंस. सासूबाई मात्र रोज सकाळी कुंपणावर एक डबा ठेवायच्या. कधी मुगाची खिचडी, कधी गोडाचा शिरा. मी म्हणाले, “आई, तो माझ्यावर चिडलाय.” त्या म्हणाल्या, “तुझ्यावर चिडलाय ना? माझ्यावर थोडाच.” डबा संध्याकाळी घासून परत आलेला असायचा.

रविवारी दुपारी तो आला. मळकी टोपी हातात घेऊन दारात उभा. “मी फोन लावतो. तू नुसती शेजारी बस. बोलू नकोस.”

आम्ही मागच्या पायरीवर बसलो. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि एका दमात सगळं सांगितलं. कधीपासून, कुठे, कोणता चेंडू टाकताना, मला कसं गाफील ठेवलं तेही.

“मी जन्मभर पोरं बघत आलो,” पलीकडून म्हातारा म्हणाला. “हात तुटून लोंबत असतो आणि पोरं म्हणतात, ऑल गुड, मेट. मला विचारावं न लागता सांगणारा तू पहिला.” मग त्याने खाकरून आवाज कडक केला. “स्कॅन करून घे. वसंतापर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. अमेरिकेतले आता नाही म्हणतील, तेही ऐकून घे. मी माझ्या परीने बघतो. शब्द देत नाही.”

त्याने शब्द दिला नाही आणि ते बरंच केलं. अमेरिकेतले नाही म्हणाले. स्कॅनमध्ये ऑपरेशन झालेला लिगामेंट, म्हणजे सांध्याचा बंध, शाबूत निघाला, शेजारचा स्नायू सुजला होता. असंच रेटलं असतं तर बंधही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून तो गाडीत स्टिअरिंगवर डोकं ठेवून बराच वेळ बसला आणि मी बाहेर बघत बसले. त्या हिवाळ्यात आम्ही ओव्हलवर नुसते चालायचो. तो बोलायचा, मी बोलायचे. माझ्या त्या खेळाच्या दिवसांबद्दल मी नवऱ्यालाही जे सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं.

सप्टेंबरात वसंत आला, मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपा घ्यायला लागले, आणि डॉक्टरांनी हळूहळू टाकायला परवानगी दिली. महिन्या-दीड महिन्याने एका सकाळी त्याने मला हाक मारून सांगितलं, “आज पूर्ण टाकतो. रेडी?” मी ग्लव्ह उघडला. त्यानंतर जे आलं ते मला दिसलं नाही, नुसतं लागलं. मी मागे बसकण मारली. तो धावत आला, बोटं बघायला. बोटं ठीक होती. मी जमिनीवर बसल्या बसल्याच मेलबर्नला फोन लावला.

“आज माझा हात काय म्हणतो माहितीय?” मी म्हणाले. “तो काही बोलायच्या स्थितीतच नाही.”

डिसेंबरात राज्याची दारं उघडली आणि म्हातारा स्वतः आला. आमच्या घरी जेवला, सासूबाईंच्या हातचं भरीत डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं. ओव्हलवर तो माझ्या मागे जाळीशी उभा राहिला आणि अख्खी सकाळ तिथून हलला नाही. करार लहानसा होता, अगदी खालच्या पायरीचा, आणि त्यात कोपराबद्दल वेगळी अट होती. पण होता. पोरगा देशाबाहेर जायची खास परवानगी काढून गेला. सासूबाई त्याच्यानंतरही कितीतरी महिने इथेच होत्या. विमानं सुरू होऊन परत बंद झाली होती. शेवटी त्या गेल्या तेव्हा घर इतकं मोठं वाटलं की मी लायब्ररीत जास्तीच्या शिफ्ट घेतल्या.

पोराच्या तिथल्या पहिल्या पूर्ण मोसमात एका सकाळी त्याचा अमेरिकेहून फोन आला. पाठीमागे लोकांचा कलकलाट. मैदानातून आत्ताच बाहेर आलो म्हणाला. खच्चून भरलेलं मैदान, वरच्या संघाचे लोक त्यालाच बघायला आलेले, सगळं छान चाललेलं, आणि मध्येच कोपरात काहीतरी ओढल्यासारखं झालं.

“मग?”

“मग मी हात वर केला. कोचला बोलावलं आणि म्हणालो, दुखतंय, मला काढ. सगळे बघत होते. कोणी असं करत नाही.”

त्याने पुढे सांगितलं की डॉक्टरांनी बघितलं, वेळेवर थांबला म्हणून दोन-तीन आठवड्यांवर निभावलं, वरच्या संघाचे लोक नंतर पुन्हा येणार आहेत. मी फोन ठेवला आणि जळगावला लावला. सासूबाईंना बेसबॉलचा संघ, मोसम, वरची पायरी यातलं काही कळायचं नाही. मी नुसतं म्हणाले, आई, त्या पोराचा फोन होता, त्याचा हात परत दुखला.

त्या घाबरल्या नाहीत. “सांगितलं का त्याने कुणाला?”

“सांगितलं.”

“मग काळजी नाही,” त्या म्हणाल्या आणि माझी चौकशी करायला लागल्या.